अकरा सेकंदांची शांतता

प्रिय सई आणि अद्वैत,

मेलबर्नहून फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, जर्मनीत सहा आठवडे काय बघितलंस?" तेव्हा मी किल्ला, नदी, जुना पूल अशी यादी सांगून मोकळी झाले. यादी खरी होती, पण त्या जागा तुम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडतील. जे पुस्तकात सापडणार नाही ते आता नाशिकला परत आल्यावर टेबलापाशी बसून क्रमाने लिहिते आहे. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यामुळे क्रम सोडून मला काही सांगता येत नाही.

हेर्त्सोगेनआउराख, पहिला आठवडा

२०१६च्या सप्टेंबरात मी मुग्धाआत्याकडे पोचले. तिचं गाव लहान आहे. चारी बाजूंना कापणीला आलेला मका, मधूनमधून मासे पाळायची तळी आणि त्यांच्या काठावर हालचाल न करता उभे असलेले बगळे. गावात खेळाचे बूट-कपडे करणाऱ्या कंपन्यांची मोठमोठी ऑफिसं आहेत, शिवाय बेअरिंगचा मोठा कारखाना. मुग्धा तिथे इंजिनीअर आहे. एवढं सगळं असून गावाला रेल्वे स्टेशन नाही. बसने एर्लांगेनला जायचं आणि तिथून पुढे. पहिल्याच दिवशी बसथांब्यावर मागून आवाज आला, "अरे, तुझं आनमेल्डुंग झालं का? नाही? मग बँकेत कशाला गेलास?" वळून पाहिलं तर पुण्याची दोन मुलं. नव्या गावी घराचा पत्ता नोंदवणं म्हणजे आनमेल्डुंग. ते झाल्याशिवाय तिथे माणूस असूनही नसल्यासारखा.

टोबियासकाकांना तुम्ही लग्नाच्या अल्बममध्ये पाहिलंय. फेटा भुवयांपर्यंत उतरलेला तो उंच माणूस. ते बेसबॉल खेळायचे हे आपल्याला माहीत होतं. पण "जावई काय करतात?" असं कुणी विचारलं की मी "क्रीडाक्षेत्रात आहेत" म्हणून विषय बदलत असे. या खेपेला नीट विचारून घेतलं.

ते लहान असताना गावाबाहेरच्या टेकडीवर अमेरिकन सैन्याचा तळ होता. संध्याकाळी सैनिक बेसबॉल खेळायचे आणि कुंपणापलीकडे आलेले चेंडू गावातली मुलं परत फेकायची. टोबियासची फेक सरळ जाते हे एका सार्जंटने पाहिलं आणि त्याला आत बोलावलं. पुढे तळ गेला, खेळ राहिला. एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेतल्या एका क्लबाने त्यांना करारावर घेतलं. चार वर्षं ते तिथल्या खालच्या पायऱ्यांवरच्या संघांतून खेळले. रात्रभर बस, दिवसा सामना, पुन्हा बस. सर्वांत वरच्या पायरीवर पोचले नाहीत. परत येऊन जर्मन लीगमध्ये आठ मोसम काढले, देशासाठीही खेळले. मग उजवा खांदा गेला.

त्यांची जागा शॉर्टस्टॉपची. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांच्या, मधे उभं राहायचं. फटकावलेला चेंडू जमिनीवरून उसळत अंगावर येतो. तो मोठ्या हातमोज्यात पकडायचा आणि फटका मारणारा पहिल्या बेसवर पोचायच्या आत तिथे फेकायचा. चारेक सेकंदांत सगळं आटपतं. खांदा गेल्यावर दोन वर्षं त्यांनी आपल्याच क्लबात नव्या खेळाडूंना हीच जागा शिकवली. आणि आता, पस्तिसाव्या वर्षी, एका लहानशा क्रीडावाहिनीने त्यांना समालोचनासाठी बोलावलं होतं. मुख्य समालोचक काय घडलं ते सांगणार आणि टोबियास ते का घडलं ते सांगणार.

पण नोकरी पक्की नव्हती. अंतिम फेरीचे दोन शनिवार ही त्यांची परीक्षा होती. पास झाले तर वर्षाचा करार. नाही झाले तर अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका क्लबाची शिकवण्याची नोकरी हातात होती, आणि त्यांना महिनाअखेर हो किंवा नाही कळवायचं होतं. मुग्धाला मग इथली नोकरी सोडावी लागणार होती. त्यांची मीरा सात वर्षांची, नुकती दुसरीत गेलेली.

"तुला जायचंय का?" मी मुग्धाला विचारलं.

ती भांडी पुसत होती. "आई, दहा वर्षं लागली मला इथे सीनियर व्हायला. पण तो नुसता घरात बसलेला मला बघवणार नाही. म्हणून तो पास होऊ दे, एवढंच म्हणते मी."

घरात सगळे नीट बोलत होते, पण दाराची घंटा वाजली तरी दचकत होते.

त्यात मी एक गोंधळ घातला. रविवारी दुपारी शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला. दोन मिनिटांत घंटा. खालच्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या, राग नाही, हसू नाही. मला कळावं म्हणून सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "आज रविवार आहे. असा आवाज करायचा नसतो. तुम्हाला माहीत नसेल." आणि गेल्या. मी शरमेने लाल. आपल्याकडे हे सांगायला शेजारीण आधी चहा प्यायली असती, मुलांची चौकशी केली असती आणि जाता जाता म्हणाली असती, "तुमचा मिक्सर फार दणकट आहे हो." मी दोन दिवस त्यांना टाळत होते. मंगळवारी त्याच बाई प्लमचा केक घेऊन आल्या. त्यांच्या मनात काहीच उरलेलं नव्हतं. सांगितलं, संपलं.

केक आंबट-गोड आणि फार छान होता. मला त्यातून आणखी एक गोष्ट कळायला हवी होती, ती कळली नाही.

पहिला शनिवार

टोबियास सकाळीच गेले. सामना डोनाऊ नदीकाठच्या त्यांच्या क्लबाच्या गावी होता. आम्ही तिघी घरी टीव्हीसमोर. मीरा जमिनीवर पालथी, मुग्धा सोफ्याच्या कडेवर आणि मी वही घेऊन. मला जर्मन येत नाही, पण नुसतं बसून बघण्यापेक्षा टिपणं काढली की माझा जीव रमतो.

मैदानावरच्या फलकाने माझं लक्ष वेधलं. तीन रकाने: धावा, यशस्वी फटके आणि चुका. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर लोक हळहळतात, तुमचे आजोबा रेडिओवर हात आपटायचे, पण धावफलकावर त्याची नोंद नसते. इथे मैदानावर एक माणूस खास ठरवायला बसलेला असतो की हा चेंडू अवघड होता की खेळाडूची चूक होती. चूक ठरली की आकडा वर चढतो, सगळ्या मैदानाला दिसेल असा.

टोबियासचा आवाज चांगला लागला होता. भाषा कळत नसली की आवाजच ऐकू येतो. कुठे घाई झाली, कुठे हसू खोटं होतं, हे परक्या भाषेत जास्त स्पष्ट कळतं.

नऊ डावांपैकी सहाव्या डावात शॉर्टस्टॉपकडे एक चेंडू आला. तिथे लुकास नावाचा बावीस वर्षांचा खेळाडू होता. टोबियासची जागा त्यालाच मिळाली होती आणि दोन वर्षं त्यांनीच त्याला शिकवलं होतं. चेंडू त्याच्या हातमोज्याखालून निघून गेला. फलकावर चुकांच्या रकान्यात एक आला. मुख्य समालोचक काहीतरी मोठ्याने म्हणाला आणि थांबला. आता टोबियासनी बोलायचं होतं.

कुणी बोललं नाही.

मुग्धाने रिमोट उचलून आवाज वाढवला. प्रेक्षकांची कुजबुज ऐकू आली, म्हणजे टीव्ही ठीक होता. मी घड्याळाकडे पाहत होते. अकरा सेकंदांनी मुख्य समालोचकच ढगांविषयी काहीतरी बोलला आणि खेळ पुढे सरकला.

"पापा श्लेफ्ट?" मीराने विचारलं. पापा झोपले का? ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र जर्मन.

"नाही गं," मुग्धा म्हणाली, आणि रिमोट हातातच धरून बसली.

संध्याकाळी टोबियास आले तेव्हा मुग्धा मीराला आंघोळ घालत होती. मी स्वयंपाकघरात एकटी. ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. आम्ही इंग्रजीत बोलतो.

"आई, कसं झालं? मला खरं सांगा."

"फार छान झालं," मी म्हणाले. "आवाज किती भारदस्त आहे तुमचा."

"आणि सहाव्या डावात मी गप्प राहिलो, ते?"

जावई समोर बसलेला, दिवसभर दमून आलेला. हातात माझ्याच हातचा चहा. मी म्हणाले, "ती शांतता शोभून दिसली. त्यात एक मान होता."

त्यांचे खांदे खाली आले. "थँक यू," ते म्हणाले. "मला भीती वाटत होती."

त्या रात्री ते पोटभर जेवले. मला वाटलं, चांगलं काम केलं आपण.

सोमवार

सोमवारी वाहिनीच्या संपादक बाईंशी, फ्राऊ केलर यांच्याशी, त्यांचं फोनवर बोलणं झालं. दार बंद होतं. बाहेर आले तेव्हा कान लाल झाले होते. मुग्धाही तेवढ्यात कामावरून आली होती. ते उभ्याउभ्याच जर्मनमध्ये सांगू लागले आणि मुग्धाचा चेहरा बदलत गेला. मग ती माझ्याकडे वळली.

"आई, तू ह्याला काय सांगितलंस शनिवारी?"

"कशाबद्दल?"

"फ्राऊ केलरनी त्या सहाव्या डावाबद्दल विचारलं. हा म्हणाला, मी मुद्दाम गप्प बसलो, आणि ते बरोबरच होतं. माझ्या सासूबाईंनासुद्धा त्या शांततेत मान दिसला. त्यांनी विचारलं, तुमच्या सासूबाईंना जर्मन येतं का?"

मुग्धाने पर्स खुर्चीला अडकवली.

"म्हणाल्या, शनिवारी शेवटची संधी. खेळाडूची चूक झाली तर ती का झाली हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. त्यासाठीच तुम्हाला घेतलं. ते जमणार नसेल तर आपण इथेच थांबू."

टोबियास खिडकीपाशी गेले होते. आमचं मराठी त्यांना कळत नव्हतं, पण कुणाविषयी चाललंय ते कळत होतं.

माझी वही जेवणाच्या टेबलावर उघडीच होती. मुग्धाने ती ओढून घेतली आणि मोठ्याने वाचलं. "'सहावा डाव. आवाज गेला का? अकरा सेकंद. विचित्र वाटलं. मुग्धाने रिमोट घेतला.' आई, हे लिहिलंस तू. आणि त्याला सांगितलंस मान?"

"अगं, जावयाला तोंडावर कसं सांगायचं? माझ्या आईने तुझ्या बाबांना कधी एका शब्दाने..."

"बाबांनी तिला कधी विचारलं होतं?"

तिने वही माझ्यापुढे सरकवली.

"हा विचारतो तेव्हा त्याला खरंच उत्तर हवं असतं, आई. तू छान म्हणालीस, त्याने धरलं छान आहे. तेच त्याने फ्राऊ केलरना सांगितलं."

"मग तू का नाही सांगितलंस? तूही होतीस की समोर."

तिने वही मिटून ठेवली. "मी सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं, हिला ॲरिझोनाला जायचं नाही म्हणून ही बोलते. माझ्या बोलण्याला किंमत नाही या घरात, या विषयावर. तुझ्या होती."

मंगळवार

दुसऱ्या दिवशी चारला टोबियास कॉफी प्यायला बसले तेव्हा मी वही घेऊन समोर बसले. रात्रभर मी वाक्यं जुळवली होती, पण ऐनवेळी सरळ पहिल्या पानापासून वाचायला लागले. मराठीतलं टिपण, इंग्रजीत सांगायचं.

"एक. विनोद सांगायच्या आधीच हसता. दोन. उत्साहात आलात की सहकाऱ्याचं वाक्य तोडता. तीन. 'गेनाऊ' हा शब्द एका सामन्यात एक्केचाळीस वेळा." गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर'.

"एक्केचाळीस?"

"जास्तही असतील. मधे मी पोळ्या उलटायला उठले होते."

ते हसले नाहीत. पेन्सिल घेतली आणि कागदी रुमालावर लिहायला लागले. मी पुढे वाचत गेले. नऊ क्रमांकावर सहावा डाव होता.

"इथे मला टीव्ही बिघडला असं वाटलं. अकरा सेकंद. मुग्धाने आवाज वाढवला, आणि मीराने विचारलं पापा झोपले का."

"मला तीन वाटले होते," ते म्हणाले.

"मी घड्याळ लावलं होतं."

त्यांनी पेन्सिल ठेवली. "मग शनिवारी तुम्ही ते दुसरं का बोललात?"

"आमच्याकडे जावयाच्या कामात सासू चूक काढत नाही. मला वाटलं, मी तुमच्या बाजूने बोलते आहे."

"ती बाजू मला महागात पडली, आई." आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. "तुम्ही गप्प बसला असतात तर मी स्वतः रेकॉर्डिंग बघितलं असतं. तुम्ही छान म्हणालात म्हणून बघितलं नाही."

मी म्हणाले, "माझं चुकलं." इंग्रजीत ते दोनच शब्दांत होतं. मराठीत हे वाक्य मी कुठल्याही जावयाला म्हणाले नसते.

"तुम्ही का गप्प बसलात पण?" मी विचारलं.

त्यांनी कागदाची कड दुमडली. "लुकास माझा विद्यार्थी आहे. त्याच्या घरचे ऐकत असतात. ती चूक का होते हे मला माहीत आहे. म्हणूनच तोंडातून निघेना."

मग ते बूट घालून पळायला गेले. बुधवार ते शुक्रवार घरात सगळं वेळेवर होत होतं आणि कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. ते मला "गुड मॉर्निंग, आई" म्हणायचे, मी "गुड मॉर्निंग" म्हणायचे. मी त्यांच्या आवडीची बटाट्याची भाजी केली. त्यांनी ती निमूट खाल्ली आणि चवीबद्दल एक शब्द काढला नाही. शुक्रवारी मुग्धा ॲरिझोनाच्या कागदांची फाइल कपाटातून काढताना दिसली. मी पाहिलंय हे लक्षात आल्यावर तिने ती परत ठेवली.

दुसरा शनिवार, डोनाऊकाठी

या खेपेला आम्ही तिघी मैदानावर गेलो. एर्लांगेनपर्यंत बस, न्युर्नबर्गला गाडी बदलून पुढे. गाडीतून बिअरला लागणाऱ्या हॉपच्या वेलींचे उंच खांब दिसले, वेली काढून झाल्यामुळे उघडे पडलेले. मीरा डब्यातली थालीपिठं न्युर्नबर्गच्या आधीच संपवून मोकळी झाली.

मैदान गावाच्या टोकाला आहे. अलीकडे लोकांच्या छोट्या छोट्या बागा, प्रत्येकीत एक खोपटं आणि सफरचंदाचं झाड. मैदानाची माती विटेसारखी लाल. हजारभर माणसं, बहुतेकांच्या हातात सॉसेज घातलेला पाव. मी ब्रेट्सेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा खारट पाव घेतला, त्यावरचं मीठ बोटाने खरवडून काढलं तेव्हा शेजारच्या आजोबांनी तोंड वाकडं केलं. समालोचकांची खोली म्हणजे स्टँडच्या वर ठेवलेला एक कंटेनर. काचेमागे टोबियासचं डोकं दिसत होतं.

मुग्धाने मोबाइलवर प्रक्षेपण लावलं आणि इअरफोनचा एक कान मला दिला, एक स्वतः घेतला. ऐकू काय येतंय हे मला सुरुवातीला कळेचना. समोर फटका बसला तरी कानात शांत. मग लक्षात आलं, इंटरनेटवरून येणारं चित्र मागे असतं. मी घड्याळ लावून पाहिलं. पस्तीस सेकंद.

आठव्या डावापर्यंत टोबियासचा क्लब एका धावेने पुढे होता. पहिला शनिवार त्यांनी जिंकला होता, हाही सामना जिंकला तर विजेतेपद त्यांचं. समोरच्या संघाचे दोन खेळाडू बेसवर उभे होते, त्यातला दुसऱ्या बेसवरचा फार चपळ होता. फटका बसला. चेंडू जमिनीवरून लुकासकडे गेला. वेगाने, पण सरळ.

तो त्याच्या हातमोज्याखालून गेला.

मागचं मैदान मोकळं होतं. दोघेही धावत घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आले आणि दोन धावा झाल्या. लोक उठले होते ते तसेच उभे राहिले. फलकावर आधी समोरच्या संघाच्या धावा बदलल्या, मग थोड्या वेळाने आमच्या बाजूच्या चुकांच्या रकान्यात आकडा चढला.

कानात मात्र अजून काहीच झालं नव्हतं. टोबियास आरामात कशावर तरी बोलत होते. मुग्धा पुटपुटली, "थंडीबद्दल बोलतोय. थंड हातांबद्दल."

समोर लुकास गुडघ्यांवर हात टेकून लाल मातीकडे पाहत होता. वर काचेमागे टोबियास बोलत होते की नाही हे इथून दिसत नव्हतं. जे बोलायचं किंवा न बोलायचं ते त्यांनी एव्हाना करून टाकलेलं होतं. फक्त आमच्यापर्यंत यायचं होतं. मुग्धाने माझं मनगट धरलं होतं, घड्याळासकट. वीस. पंचवीस. मीरा म्हणाली, "मामा, वास झाग्ट पापा?" आई, पापा काय म्हणतायत? मुग्धाने तिला गप्प केलं.

कानात फटक्याचा आवाज आला. मुख्य समालोचक ओरडला, लांबलचक, आणि थांबला.

एक. दोन.

"फेलर," टोबियास म्हणाले. एवढा शब्द मलाही कळला. चूक.

मुग्धा कुजबुजत सांगू लागली. "म्हणतोय, चेंडू अवघड नव्हता. पाय बरोबर होते, हात बरोबर होते. डोळे चुकले. चेंडू हातमोज्यात यायच्या आधी त्याने धावणाऱ्याकडे पाहिलं. बेसवर कुणी चपळ असला की तो असं करतो." ती थांबली. कानात टोबियासचा आवाज जरा खाली आला होता, पण तुटला नाही. "म्हणतोय, मी हे दोन वर्षं बघतो आहे."

क्लब हरला. पुढच्या शनिवारी निर्णायक सामना ठरला, पण टोबियासची परीक्षा इथे संपली होती.

आम्ही कंटेनरच्या शिडीपाशी थांबलो. आधी फ्राऊ केलर उतरल्या. साध्या, चष्मेवाल्या बाई. मुग्धाशी हात मिळवला, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "मंगळवारी कळवते." त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मागून टोबियास उतरले, शर्ट पाठीला चिकटलेला.

आम्ही फाटकाकडे निघालो तेव्हा लुकास समोर आला. खांद्यावर बॅग, हातात मोबाइल. कुणीतरी त्याला ते ऐकवलं होतं. त्यांचं बोलणं जेमतेम मिनिटभर चाललं. मला ते मुग्धाने नंतर गाडीत सांगितलं, शब्द न शब्द.

"दोन वर्षं तुला दिसत होतं?"

"या," टोबियास म्हणाले. जर्मनमध्ये या म्हणजे हो.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझा आत्मविश्वास जाईल असं वाटलं."

"आज राहिला का?"

टोबियासनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "मंगळवारी पाच वाजता मी मैदानावर असेन. येशील?"

लुकासने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि उत्तर न देता निघून गेला.

गाडीत टोबियास माझ्या समोरच्या सीटवर होते. न्युर्नबर्गपर्यंत डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते. मला त्यांना काही सांगायचं नव्हतं. जे सांगायचं होतं ते लुकासनेच सांगून टाकलं होतं, आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

मंगळवार

दोन वाजता ते निघाले. लुकास येणार की नाही हे माहीत नव्हतं. त्याला फोन करून विचारलं नाही. मैदानावर मोबाइल बॅगेत बंद असतो, हा त्यांचा जुना नियम.

मुग्धा लवकर घरी आली. टोबियासचा लॅपटॉप टेबलावर उघडा होता, मीरा त्यावर शाळेची चित्रं बघत होती. सव्वापाचला कोपऱ्यात एक चौकोन उमटला. मीराला हल्ली दिसेल ते वाचायचा नाद आहे.

"फ्राऊ केलर," तिने वाचलं. "फेरट्राग."

मुग्धा हातातला कांदा तसाच ठेवून आली. फेरट्राग म्हणजे करार. पण कराराविषयी हो की कराराविषयी नाही, ते त्या एका शब्दात नव्हतं.

"उघड की," मी म्हणाले.

"त्याची मेल आहे."

"नवऱ्याचीच ना?"

"आई."

मीरा नाक स्क्रीनला लावून बसली होती. तिने खाली आणखी काहीतरी बारीक अक्षरांत शोधून काढलं आणि बोट ठेवलं. सोबत एक फाइल जोडलेली होती, नावात पुढच्या वर्षाचा आकडा आणि कंसात चौदा पानं.

मुग्धा खुर्चीत बसली. "नाही म्हणायला कुणी चौदा पानं जोडत नाही," ती हळूच म्हणाली.

"फोन लाव त्यांना."

"नको. तो लागणार नाही. आणि लागला तरी नको." ती उठून परत कांद्याकडे गेली. "तिथे कुणी आलं असेल तर."

आम्ही वाट पाहिली. सहा, सात, आठ वाजले. मीराला झोपायला पाठवलं तर ती दोनदा उठून आली. मी कपाट आवरलं, मग आवरलेलं पुन्हा आवरलं. नवाला दहा मिनिटं कमी असताना किल्लीचा आवाज आला. टोबियास दारात उभे होते, दोन्ही गुडघे लाल मातीने भरलेले.

"तो आला होता," ते म्हणाले. "शेवटच्या वीस चेंडूंत सतरा वेळा डोळे चेंडूवर."

"मेल आलीये," मुग्धा म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं नाही. "आधी हात धुतो," म्हणाले आणि आत गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.